तारेखालचा पोलादी पाइप

करकंब गावच्या शेतातला पीव्हीसी पाइप उच्चदाब तारांखालून गेला तरी चिंता नसते. प्लास्टिक वीज वाहून नेत नाही. पोलादी पाइपाचे तसे नाही. सोलापूर-रायचूरसारख्या 765 किलोव्होल्टच्या वाहिनीतला प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने करतो. त्याबरोबर भोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि तारेला समांतर, लांबवर पुरलेल्या पाइपात विद्युतदाब तयार होतो. गंज रोखणारे आवरण ती वीज जमिनीत मुरू देत नाही. आवरणाला टाचणीएवढे छिद्र पडले, की सगळा प्रवाह तिथूनच बाहेर पडतो आणि पोलाद कुरतडतो. म्हणून पाइपाशेजारी त्याला जोडलेली जस्ताची पट्टी पुरून विजेला वाट करून देतात. 15 व्होल्टांपुढचा दाब माणसाला धोक्याचा मानतात. शेतातून अशी पोलादी इंधनवाहिनी गेली असेल, तर तिच्यावरचा विद्युतदाब मोजण्यासाठी बांधावर रोवलेल्या चाचणी-खांबाला जनावर बांधू नका.