हवामानबदल आणि गव्हाच्या पिकाचे गणित

पीक केव्हा पक्व होईल हे केवळ दिवस मोजून सांगता येत नाही. त्याला मिळालेली उष्णता मोजावी लागते, हा विचार फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ साली मांडला. हवामानबदलाचा शेतीवरील परिणाम अजमावण्यासाठी आज जी पीक-प्रतिमाने वापरली जातात, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

प्रतिमान म्हणजे पिकाच्या वाढीची समीकरणांत केलेली मांडणी. रोजचे तापमान, ऊन, पाऊस, जमिनीतील ओलावा व नत्र यांची माहिती पुरविली असता संगणक पाने, मुळे व दाणे यांची वाढ दिवसागणिक काढीत जातो. गव्हाचा दाणा भरेपर्यंत दैनिक सरासरी तापमानाची बेरीज ७०० व्हावी लागते असे मानल्यास, २० अंश सेल्सिअस तापमानात त्यास ३५ दिवस मिळतात. २३ अंशांत जेमतेम ३०. दाणा लवकर पिकतो, परंतु बारीक राहतो.

उलटपक्षी, हवेतील वाढता कार्बन डायॉक्साइड गव्हाच्या प्रकाशसंश्लेषणास चालना देतो. मात्र हा लाभ पाणी व नत्र पुरेसे असल्यासच पुरता पदरी पडतो, आणि दाण्यातील प्रथिनांचे प्रमाण घटते ते वेगळेच. या जमाखर्चाचा मेळ प्रत्येक प्रतिमान निराळ्या रीतीने घालते; म्हणून एकावरच विसंबणे धोक्याचे होय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात गव्हाची ३० प्रतिमाने ताडून पाहण्यात आली. केवळ तापमानाचा विचार करता, प्रत्येक अंशवाढीमागे जगातील गव्हाचे उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटेल, असा निष्कर्ष निघाला.

याचा प्रत्यय २०२२ च्या मार्चमध्ये आला. उत्तर भारतात ऐन दाणा भरण्याच्या काळात उष्णतेची लाट आली, उतारा घटला आणि १३ मे रोजी भारत सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

तथापि प्रतिमान म्हणजे भविष्यकथन नव्हे. भाताच्या कापणीनंतर गव्हाची पेरणी लांबली, की दाणा मार्चच्या उन्हात सापडतो. पेरणी अलीकडे आणल्यास अथवा वाण बदलल्यास काय होईल, हे पाहण्यासाठी शेतकऱ्यास सबंध हंगाम पणास लावावा लागतो. प्रतिमान तोच प्रयोग पिकास धक्का न लावता शेकडो वेळा करू शकते. परंतु शेतातील नोंदी जितक्या चोख, तितकेच त्याचे उत्तर भरवशाचे.