बांद्यात बसून सॉफ्टवेअर: ऐकीव काय, खरं काय

मुंबई-गोवा महामार्गावर बांदा मागे पडलं की थोड्याच वेळात पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. इथली मुलं इंजिनिअर झाली की पुणं, बंगळुरू नाहीतर पणजी गाठतात, हा आजवरचा रिवाज. २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन कोकणातल्या गावागावांत परतलेल्यांपैकी काहींनी मात्र पुन्हा शहर धरलंच नाही. त्यांच्या घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, ‘झील घराकच असता? नोकरी खंय नाय?’ विचारण्यात काळजी असते. पण आईवडिलांनाही नीट उत्तर देता येत नाही, कारण मुलगा नेमकं काय करतो हे त्यांना कोणी समजावलेलंच नसतं.

‘घरून काम’ या नावाखाली दोन अगदी वेगळे प्रकार येतात. एक म्हणजे कंपनीची नोकरीच, फक्त खुर्ची घरात. तिथे पगार, पीएफ, पगारी रजा सगळं असतं आणि कर कंपनीच कापते. दुसरा म्हणजे फ्रीलान्सिंग किंवा स्वतंत्र सल्लागारी. तो सरळसरळ धंदा आहे. ग्राहक आपण शोधायचा, बिल आपण करायचं, आजारपणाचा दिवस आपल्याच खिशातून. म्हणूनच महिना लाखाची नोकरी आणि महिना लाखाचं फ्रीलान्सिंग यांना एका तराजूत तोलता येत नाही. दर ठरवताना विमा, रजा आणि बिनकामाचे आठवडे त्यात धरावेच लागतात.

पहिली शंका नेटची असते. प्रोग्रॅम हा शेवटी मजकूरच. दिवसभर लिहिलेला कोड पाठवायला बहुतेक वेळा मोबाइलवरच्या एका फोटोइतकाही डेटा लागत नाही, आणि चांगल्या व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात. खरी अडचण विजेची. जूनमध्ये वारा सुटतो, तारेवर फांदी पडते, लाइट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राऊटर बंद पडतो. त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आणि दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड हाताशी ठेवलं की रोजचं भागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तेरेखोल नदीचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरलं होतं. तशा दिवसांसाठी, आपत्तीत कामाची मुदत वाढेल असं कलम करारात आधीच घालून घ्यावं. परदेशी ग्राहक म्हणजे रात्रीची जागरणं, हेही सरसकट खरं नाही. नेदरलँडमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा बांद्यात उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो.

बांद्याला सर्वांत जवळचा गैरसमज हद्दीचा आहे. समजा, इथल्या मुलीने गोव्यातल्या पेडण्याच्या एका हॉटेलसाठी बुकिंगची वेबसाइट केली. ग्राहक परराज्यातला, म्हणजे पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी हवी, असं तिला हमखास सांगितलं जातं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा नियम खरंच तसा होता. पण १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने सेवा देणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर परराज्यातल्या ग्राहकासाठीही नोंदणी लागत नाही, परदेशातल्या ग्राहकासाठीही नाही. मात्र परदेशातून आलेली रक्कमही या २० लाखांत धरली जाते, आणि इथेच अनेकजण चुकतात. मर्यादा ओलांडली की नोंदणी सक्तीची. त्यानंतर दरवर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरलं की निर्यात केलेल्या सेवेवर शून्य कर. पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवायचा.

डॉलर आले म्हणजे प्राप्तिकर नाही, ही समजूत तर धोक्याचीच. भारतात राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं. पण लपवण्याची गरजही पडू नये, इतकी कायद्यात सोय आहे. २०१६ साली आलेल्या ४४एडीए कलमाने ठरावीक व्यावसायिकांना जमा रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, आणि या यादीत माहिती तंत्रज्ञानाचा समावेश आहे. रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंतच्या जमेला ही तरतूद लागू होते. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, सोय कायम आहे. वर्षाला १८ लाख मिळवणाऱ्याचं उत्पन्न ९ लाख धरलं जातं, आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. विवरणपत्र मात्र भरायलाच हवं. कर लागत असेल तर आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो.

आता कोड कोणाचा, हा प्रश्न. याकडे ग्राहक आणि काम करणारा दोघेही दुर्लक्ष करतात. पैसे मोजले म्हणजे कोड आपला, असं हॉटेलमालक धरून चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोकरीत लिहिलेला कोड सहसा मालकाचा, पण स्वतंत्रपणे लिहून दिलेल्या कोडचा पहिला मालक लिहिणाराच. मालकी द्यायची तर सहीनिशी लेखी लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कायदा मानतो. परदेशी ग्राहकाच्या करारात उलटा धोका असतो: कामाच्या काळात जे काही लिहाल ते सगळं आमचं, असं एखादं वाक्य आत दडलेलं असतं. आपली आधीची आणि बाजूची कामं कोणती, याची यादी सही करण्यापूर्वी कराराला जोडावी. एवढ्या एका कागदाने पुढची वर्षं वाचतात.

पैसे थकले तर छोट्या माणसाने करायचं काय, असं हताशपणे विचारलं जातं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म-लघु सेवादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. ती काम घेण्याआधीच करावी. खरेदीदार गोव्यात असो वा गुवाहाटीत, दाद आपल्या राज्यातल्या, अशा थकबाकीचे तंटे सोडवणाऱ्या परिषदेकडे मागता येते. परदेशी ग्राहकाला हा कायदा पोहोचत नाही, म्हणून तिथे आगाऊ रक्कम आणि टप्प्याटप्प्याने बिल, हाच मार्ग.

राहिलं गृहकर्ज. पगाराची स्लिप नसली तरी कर्ज मिळतं. बँका साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं पाहतात. तिथे दाखवलेलं उत्पन्नच मोजलं जातं. घर बांधायचा विचार असेल तर निम्मी रक्कम दाखवून कर वाचवायचा की जास्त दाखवून कर्जाची पात्रता वाढवायची, हे दोन-तीन वर्षं आधी सीएसोबत बसून ठरवायला हवं.