भुलीच्या बंदुकीची तयारी

माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रामुळे जुन्नर-आंबेगावात भुलीची बंदूक लहान पोरांनाही माहीत झाली आहे. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी १९५०च्या दशकात ती घडवली. दिसायला ती शिकारी रायफलच, पण नळीतून सुटते ती औषधाने भरलेली सिरिंज, म्हणजे डार्ट.

सगळी कसोटी चाप ओढण्याआधीच लागते. बिबट्याचे वजन नजरेने ठरवायचे; मादी साधारण तीस-चाळीस किलोची, नर पन्नास-साठच्या पुढे. त्यावर केटामाइन आणि झायलाझिनची मात्रा ठरते. डार्टच्या पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबलेली हवा. सुईचे छिद्र तिच्या बाजूला असते आणि त्यावर सिलिकॉनची बारीक नळी चढवलेली असते. सुई मांसात शिरताच नळी मागे सरकते आणि हवेच्या दाबाने औषध आत जाते. ही नळी नीट बसली नाही, तर अचूक नेमही वाया जातो. मग अंतर पाहून कार्बन डायऑक्साइडचा दाब लावायचा. दाब कमी पडला तर डार्ट वाटेतच पडतो, जास्त झाला तर हाड मोडू शकते. म्हणून मांडीचा किंवा खांद्याचा जाड स्नायूच हेरायचा.

इथल्या उसात मात्र ही बंदूक फारशी चालत नाही. पाचटाला लागून हलका डार्ट भरकटतो, आणि लागलाच तरी गुंगीतला बिबट्या फडात कुठे पडला ते सापडत नाही. तिथे पिंजराच बरा. विहिरीत पडलेल्याला पाण्यात असताना भूल दिली, तर तो बुडेल. आधी खाट किंवा पिंजरा खाली सोडावा लागतो.

बिबट्याला पकडणेही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीतच मोडते, त्यामुळे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

औषध चढायला दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात. या वेळात गलका झाला, दगड पडले, की बिथरलेल्या जनावराला गुंगी लवकर येत नाही आणि ते माणसांवर धावते. माझ्या मते गर्दी आवरणे हाही या बंदुकीच्या तयारीचाच भाग आहे. बिबट्या अडकलेला दिसला तर १९२६ वर वन विभागाला कळवा, पोराबाळांना घरात घ्या आणि मोबाइल घेऊन पुढे जाऊ नका.