चोवीस सेकंदांचा प्रतिध्वनी

एव्हरेस्टची उंची 8,849 मीटर, हे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. पण या आकड्यावरून हिमालयाचा आवाका कळत नाही. शिखरांच्या पलीकडे, दक्षिण तिबेटात, भूकवच सुमारे 75 किलोमीटर जाड आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय अनुसंधान संस्थेने सत्तरच्या दशकात कोयना भागात हीच जाडी मोजली, तेव्हा ती 40 किलोमीटरच्या आसपास भरली. म्हणजे हिमालय जेवढा वर आला, त्याच्या कितीतरी पट तो खाली उतरलेला आहे.

इतक्या खोलवर जाऊन पाहायची सोय नाही. रशियातल्या कोला इथे 1970 पासून जवळजवळ वीस वर्षं खोदून माणूस 12,262 मीटरपर्यंत पोचला. जगातला तो सर्वांत खोल उभा खड्डा, आणि तरी तिबेटच्या भूकवचाचा तो सहावा हिस्साही नाही.

म्हणून कान लावायचा. 1992 मध्ये झाओ वेनजिन आणि डग्लस नेल्सन यांच्या पुढाकाराने ‘इंडेप्थ’ या चिनी-अमेरिकी प्रकल्पाने दक्षिण तिबेटात सुमारे 100 किलोमीटरच्या रेषेवर जमिनीत भोकं पाडून स्फोट केले आणि रांगेने मांडलेल्या जिओफोनवर परतणारे आवाज टिपले. खडकातून ध्वनी सेकंदाला सहा किलोमीटरच्या वेगाने धावतो. नवव्या ते तेराव्या सेकंदाच्या दरम्यान एक ठसठशीत प्रतिध्वनी आला. तो उत्तरेकडे कलत 28 वरून 40 किलोमीटरपर्यंत खोल जाणाऱ्या एका पृष्ठाचा होता. भारताचं भूकवच याच भंगावरून हिमालयाखाली सरकतं. आणि तेवीस-चोवीस सेकंदांनी भूकवचाच्या तळाकडून क्षीण उत्तर आलं. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरचा प्रवास, जेमतेम अर्ध्या मिनिटात!

आता खरी अडचण. हिमालय हा वली पर्वत, त्यामुळे त्याच्या पोटातल्या वळ्या पाहायच्या असतात. पण 20 हर्ट्झच्या लहरीची लांबी तिथे 300 मीटर होते आणि 75 किलोमीटर खोलीवर तिचा एकेक प्रतिध्वनी सुमारे तीन किलोमीटर त्रिज्येच्या पट्ट्यातून मिळून येतो. त्याहून लहान घडी कच्च्या नोंदीत हरवते. शिवाय आडवा थर आवाज सरळ वर पाठवतो, तर तिरपा थर भलतीकडे फेकतो. तो मूळ जागी नेऊन बसवायला प्रचंड गणित करावं लागतं. उभ्या बाजूचा आवाज तर बहुतेक परतच येत नाही. त्यामुळे चित्रात वळीचा माथा आणि तळ दिसतो, मधला भाग कोरा राहतो. त्या कोऱ्या जागेत खडक नाही असं मुळीच नाही. उलट तिथेच थर सर्वाधिक पिळवटलेले असू शकतात. मला या शास्त्राचं सर्वांत विलक्षण अंग हेच वाटतं: न आलेलं उत्तरही वाचावं लागतं.

कोरी जागा भरायला भूशास्त्रज्ञ हिशेब घालतात. प्रत्येक थर मनातल्या मनात उलगडून सपाट केला, की वरच्या-खालच्या थरांची लांबी जुळली पाहिजे. नाही जुळली तर चित्र चुकलं. पश्चिम नेपाळात असा हिशेब केल्यावर खडक 500 ते 700 किलोमीटर दुमडून, एकावर एक चढून आखडल्याचे अंदाज निघाले.

हे काम अजून चालूच आहे. जेरोम लाव्हे आणि ज्याँ-फिलिप अव्हुआक यांनी 2000 मध्ये नेपाळच्या शिवालिक टेकड्यांत वर उचलल्या गेलेल्या नदीकाठच्या जुन्या पायऱ्या मोजल्या. त्यावरून तिथल्या वळ्या वर्षाला सुमारे 21 मिलिमीटर आकुंचन पचवतात असं दिसलं. दहा लाख वर्षांत 21 किलोमीटर!

मात्र खालच्या भंगाचा बराच भाग रोज सरकत नाही. तो अडकून राहतो आणि एकदम सुटतो. 25 एप्रिल 2015 रोजी गोरखा भूकंपात सुमारे 150 किलोमीटर लांबीचा पट्टा सुटला. तो काही ठिकाणी पाच मीटरहून जास्त सरकला, काठमांडूचं खोरं सुमारे एक मीटर वर उचललं गेलं आणि जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. तरीही ती फूट शिवालिकच्या पायथ्याशी जमिनीवर आली नाही. दक्षिणेकडचा तो तुकडा त्या दिवशी सुटलाच नाही.