चेंडू डावीकडेच का वळतो?

उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फपटूचा चेंडू हवेत जोराने डावीकडे वळला की त्या फटक्याला हूक म्हणतात. डावखुऱ्याचा चेंडू अर्थात उजवीकडे वळतो. अधूनमधून हूक कोणाचाही होतो. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, हातात घेतल्यावर तो दर वेळी होत असेल, तर मात्र दोष नशिबाचा नाही आणि वाऱ्याचाही नाही.

क्लब आणि चेंडू एकमेकांना लागून असतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरतेच. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारा भाग, जिकडे असेल तिकडे. पुढे तो किती वळेल, हे मात्र फेसची दिशा आणि क्लबची वाट, म्हणजे तो चेंडूतून ज्या दिशेने जातो ती, यांच्यातल्या फरकावर ठरते. वाट लक्ष्याच्या ६ अंश उजवीकडे आणि फेस २ अंश उजवीकडे असेल, तर चेंडू किंचित उजवीकडे निघतो आणि मग डावीकडे वळतो. म्हणजे फेस लक्ष्याच्या उजवीकडे असूनही वाटेच्या मानाने तो बंदच, म्हणजे डावीकडे वळलेला, असतो. वेजने मारताना हाच फरक कमी जाणवतो, कारण तिच्या उतरत्या फेसमुळे चेंडूला उलटी फिरकी खूप मिळते आणि फिरकीचा आस कमी कलतो.

फिरणारा चेंडू हवेत वळतो, हे मालवणच्या किनाऱ्यावर टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. बोटांनी जोरात फिरवलेला चेंडू टप्पा पडण्याआधीच दिशा बदलतो. टेनिसच्या चेंडूचे असे वळण न्यूटनने १६७२ मध्येच नोंदवले होते. १८५२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांनी त्यावर प्रयोग केले, म्हणून या परिणामाला त्यांचे नाव मिळाले. चेंडू आपल्या मागची हवा एका बाजूला ढकलतो आणि स्वतः उलट बाजूला रेटला जातो. गोल्फच्या चेंडूवर हे शास्त्र लावून पाहिले ते एडिंबरोचे शास्त्रज्ञ पीटर टेट यांनी. त्यांचा मुलगा फ्रेडी याने १८९६ आणि १८९८ ची ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली, त्यामुळे घरात विषयाची वानवा नव्हती! इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन यांनीही १९१० मध्ये याच विषयावर व्याख्यान दिले होते.

चेंडूला हवा जितक्या वेगाने लागते तितका हा रेटा वाढतो. म्हणून दुपारी समुद्रावरून येणारा वारा समोरून लागला की तोच हूक अधिक वाकडा दिसतो. वारा दोष निर्माण करत नाही, असलेला वाढवून दाखवतो.

हूकने त्रासलेला खेळाडू बहुधा उजवीकडे नेम धरू लागतो. त्याने क्लबची वाट आणखी उजवीकडे जाते, हात मात्र फेस सवयीने लक्ष्याकडेच आणतात. फरक वाढतो आणि हूकही. हे औषध रोगच वाढवते, म्हणून दुरुस्ती आधी फेसची आणि मग वाटेची.

सुरुवात ग्रिपपासून, म्हणजे क्लबच्या पकडीपासून करावी. चेंडूसमोर उभे राहून खाली पाहताना डाव्या मुठीची तीन-चार हाडे दिसत असतील, तर तो हात दांड्यावर फार उजवीकडे वळला आहे. दोनच दिसतील इतका तो डावीकडे फिरवावा. उजवा हातही दांड्याच्या खाली सरकू देऊ नये. अमेरिकेचे गोल्फपटू बेन होगन वर्षानुवर्षे हूकने बेजार होते. त्यांनी डाव्या हाताची पकड अशीच बदलली आणि क्लब मागे नेताना डावे मनगट किंचित मागे वाकवून फेस उघडा ठेवला. १९४६ पासून त्यांनी नऊ मोठ्या स्पर्धा जिंकल्या. ही युक्ती त्यांनी १९५५ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात उघड केली.

ग्रिप ठीक असूनही हूक जात नसेल, तर कंबर पाहावी. ती मध्येच थांबली की हात एकटेच पुढे जाऊन फेस मिटवतात. फटक्याअखेर छाती लक्ष्याकडे वळलेली हवी. वाटेसाठी चेंडूच्या हातभर मागे, थोडी स्वतःच्या बाजूला, क्लबची टोपी ठेवावी आणि खाली येताना ती न लागता फटका मारावा. पाय लक्ष्याच्या उजवीकडे रोखलेले नाहीत ना, हे जमिनीवर ठेवलेल्या काठीवरून कळते.

ड्रायव्हरच्या फेसवर थोडी पावडर लावून पाहणेही उपयोगी. ठसा टोकाकडे उमटत असेल, तर त्या फटक्यानेच चेंडूला हूकची फिरकी मिळते. तिथे ग्रिपला हात लावू नये, चेंडूपासूनचे अंतर तपासावे.

नव्या ग्रिपने सुरुवातीचे चेंडू उजवीकडे जातील. तेवढ्याने घाबरून जुन्या ग्रिपवर परतू नये.