फिंचचे डोळे : दुखणी आणि अंधत्व
घरातले पक्षी : लेखांक ६

झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, जेमतेम १२ ग्रॅम वजनाचा पक्षी. त्याच्या इवल्या डोक्यातली बरीचशी जागा डोळेच व्यापतात. हे डोळे दोन बाजूंना असल्याने समोरचा थोडा भाग तेवढा दोन्ही डोळ्यांना एकदम दिसतो. बाकीचे डावीकडचे डाव्या डोळ्याला, उजवीकडचे उजव्याला. एक डोळा गेला की जवळजवळ निम्मे जग अंधारते. तरी पाळणाऱ्याच्या ते चटकन ध्यानात येत नाही, कारण दांडी कुठे, दाणे कुठे, पाणी कुठे हे सारे त्या पक्ष्याला पाठ असते. त्यातून आजार लपवणे हा लहान पक्ष्यांचा स्वभावच.

दुखण्याची सुरुवात बहुधा ओलसरपणाने होते. डोळ्याभोवतीची पिसे भिजून चिकटतात, पापणी सुजते, पक्षी डोळा दांडीवर पुन्हा पुन्हा घासतो. जंतुसंसर्ग हे याचे नेहमीचे कारण. १९९४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागातल्या रानटी हाऊस फिंचांमध्ये डोळे येण्याची साथ दिसू लागली. ती कोंबड्यांना होणाऱ्या मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या जिवाणूमुळे होती. सुजून मिटलेल्या डोळ्यांच्या पक्ष्यांना दाणे सापडत नसत. ते उपासमारीने मरत किंवा शिकाऱ्यांच्या तावडीत सापडत. दाण्याच्या सामाईक भांड्यावरून हा रोग पसरतो, म्हणून आजारी पक्षी लगेच वेगळा ठेवावा आणि भांडी रोज धुवावीत.

दुसरे कारण आहारात दडलेले असते. राळा आणि बाजरी यांत अ जीवनसत्त्व नसल्यासारखेच असते. केवळ दाण्यांवर राहणाऱ्या पक्ष्याच्या अश्रुग्रंथींचे आणि नाकाजवळच्या पोकळ्यांचे अस्तर जाड, कोरडे होते. तिथे जंतू घर करतात आणि डोळ्याखाली फुगवटा येतो. किसलेले गाजर, शेवग्याचा पाला, कोथिंबीर आणि उकडलेले अंडे यांनी ही उणीव भरून निघते. जीवनसत्त्वाचे औषध मात्र अंदाजाने देऊ नये. अ जीवनसत्त्वाचा अतिरेकही घातक ठरतो.

पापणीच्या कडेला खपलीची गाठ आली तर पक्ष्यांच्या देवीची शंका घ्यावी. हा विषाणू डासांमार्फतही पसरतो, त्यामुळे संध्याकाळी पिंजऱ्यावर बारीक जाळी टाकणे हिताचे. तारेचे टोक किंवा जोडीदाराची चोच लागून बुबुळाला जखमही होते. बाहुलीत दुधाळ पांढरेपणा दिसला तर तो मोतीबिंदू असू शकतो. वयाबरोबर तो येतो. नॉर्विच आणि यॉर्कशायर जातींच्या कॅनरींमध्ये तो आनुवंशिकही आढळला आहे. फिंचच्या एवढ्याशा डोळ्यावर त्यासाठी शस्त्रक्रिया सहसा होत नाही.

दृष्टी गेली का, हे टॉर्चने ठरवता येत नाही. पक्ष्यांच्या बाहुलीचे स्नायू बऱ्याच अंशी त्यांच्या इच्छेने हलतात. त्याऐवजी एक दांडी थोडी सरकवून पाहावे. आंधळा फिंच जुन्या जागेकडे झेपावतो आणि खाली पडतो. एका बाजूने आवाज न करता हळूच बोट नेले आणि तो हललाच नाही, तर त्या बाजूचा डोळा निकामी असण्याचा संभव मोठा.

लक्षण दिसताच पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. चिकटलेल्या पापण्या उकळून कोमट केलेल्या मीठपाण्याच्या बोळ्याने अलगद सैल करता येतात. माणसांचे थेंब मात्र मनाने घालू नयेत. त्यांतले स्टेरॉइड या छोट्या शरीरात शोषले जाते आणि रोगाशी झुंजण्याची ताकदच काढून घेते.

कायमचे अंधत्व आले तरी फिंच जगतो, खातो, गातो. ज्या पाठांतराने त्याचे दुखणे लपले, तेच आता त्याचा आधार होते. पिंजऱ्याची रचना बदलू नये. दांड्या तळापासून चार-पाच बोटांवर आणाव्यात, तळाशी मऊ कागद अंथरावा, दाणे-पाणी दांडीलगत एकाच जागी ठेवावे. हात आत घालण्यापूर्वी रोज ठरलेली हाक द्यावी. शांत जोडीदार असेल तर त्याच्या आवाजाच्या दिशेनेही तो वाट काढतो.