बाराव्या वेटोळ्याचे रहस्य

संप्रेरके म्हणजे रक्तातून धाडलेले निरोपच होत. निरोप सर्वत्र पोहोचतो. पण ज्या पेशींत त्याचे ग्राही प्रथिन असते, त्यांनाच तो कळतो. इस्ट्रोजेन स्त्रियांच्या हाडांना बळ देते. मात्र स्तनाच्या कर्करोगांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक कर्करोगांच्या पेशींतही त्याचे ग्राही असतात आणि त्याच निरोपावर त्या वाढतात.

यावरील टॅमॉक्सिफेन हे औषध १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये, संततिनियमनाच्या संशोधनातून हाती आले. ते इस्ट्रोजेनची जागा अडवते, एवढे ठाऊक होते. आत नेमके काय घडते, हे उलगडू लागले ते १९९७ मध्ये. यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या ग्राहीची रचना टिपली. संप्रेरक धरणारा त्याचा भाग बारा वेटोळ्यांचा. इस्ट्रोजेन खाचेत बसले की बारावे वेटोळे झाकणासारखे मिटते आणि पेशीला वाढीची आज्ञा सुटते. रॅलॉक्सिफेन या औषधाची लांब शेपटी मात्र ते झाकण मिटूच देत नाही. पुढच्याच वर्षी टॅमॉक्सिफेनच्या बाबतीतही हेच दिसून आले.

रचना हाती येताच संगणकाचे काम सुरू झाले. खाचेचे प्रतिरूप पडद्यावर उभे करायचे, त्यात हजारो-लाखो रेणू एकेक करून बसवून पाहायचे, आकार व विद्युतभार किती जुळतात यावरून प्रत्येकाला गुण द्यायचे. जे पारखीस उतरतील, तेवढेच प्रयोगशाळेत न्यायचे.

परंतु रोगही स्वस्थ बसत नाही. प्रदीर्घ उपचारांनंतर काही रुग्णांत ग्राहीचा ५३७ वा किंवा ५३८ वा अमिनो आम्लाचा दुवा बदलतो. रेणूंच्या हालचालींचे संगणकीय चित्रण आणि प्रयोग यांनी दाखवले की, या बदलाने झाकण इस्ट्रोजेनवाचूनही मिटलेल्या स्थितीत स्थिरावते. म्हणूनच ग्राहीलाच नष्ट करणाऱ्या औषधांचा शोध वेगावला. एलासेस्ट्रंट या तशाच गोळीला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

संगणकाचा कौल हा अखेर अंदाजच. शरीरात रेणू टिकेल का, यकृताला बाधेल का, हे प्रत्यक्ष चाचण्याच सांगतात. पण घरातील एखाद्या स्त्रीला पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ रोज गोळी का घ्यावी लागते, याचे उत्तर या संशोधनात आहे. गाठ काढली, त्रास थांबला, तरी एखादी पेशी मागे उरलेली असू शकते. गोळी थांबली की तिचे झाकण पुन्हा मिटण्यास मोकळे होते. तेव्हा बरे वाटते म्हणून, डॉक्टरांना विचारल्यावाचून, ती बंद करू नये.